मेव्हणा बरोबर शून्य

आमच्या मालकांना जगातली कुठलीच वस्तू आहे तशी चालत नसे. चहा समोर आला की आधी त्याच्याकडे संशयाने बघायचे, मग त्यात चिमूटभर सुंठ, वर जायफळ आणि लहर लागली तर लिंबू पिळायचे. दूध फाटलं की म्हणायचे, "बघा, पनीर मिळालं फुकटात." ताकात हिंग आपण समजू शकतो, उसाच्या रसात आलंही समजू शकतो; हा माणूस कॉफीत ओवा घालायचा आणि समोरच्यालाही ती पाजायचा. मी पहिल्यांदा प्यायले तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मालक खूश झाले. "लागली ना मॅडम? निस्तं काय प्यायचं? निस्तं तर म्हैसबी पिती."

मालक म्हणजे माझे घरमालक. आळे गावाजवळच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवायला लागले तेव्हा त्यांच्या द्राक्षबागेतल्या घराची वरची खोली भाड्याने घेतली होती. सगळं गाव त्यांना मालक म्हणायचं, त्यांची बायकोही मालकच म्हणायची, मग मीही म्हणू लागले. उंच, काटकुळा माणूस, वय साठीच्या अलीकडे, डोक्यावर टोपी आणि उजव्या कानावर कायम एक विडी. दहावीपर्यंत शाळा आणि पुढचं सगळं शिक्षण बागेत. गावच्या तंटामुक्ती समितीचे ते अध्यक्ष होते आणि त्या पदाचा त्यांना फार अभिमान होता, जरी त्यांच्या स्वतःच्या घरातला तंटा अख्ख्या गावाला माहीत होता.

मिसळण्याचा रोग त्यांना बागेने लावला होता. तिकडचा द्राक्षबागायतदार म्हणजे अर्धा शेतकरी आणि अर्धा कंपाउंडर. ह्या बुरशीला हे पाजा, त्या किडीला ते पाजा, घड फुगायला तिसरंच. आणि औषध कुठलंही असो, हिशेब ठरलेला, दोनशे लिटरच्या टाकीला किती. कुणी नुसतं "पाणी" म्हटलं तरी मालकांच्या डोळ्यांपुढे दोनशे लिटरची निळी टाकी उभी राहायची. ही टाकी पुढे आपल्याला नडणार आहे.

आता तंट्याचं सांगते. मालक उठल्यापासून विड्या ओढायचे आणि पहाटेपासून खोकायचे. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, एकदा त्यांना बळेबळे मंचरच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने छातीचा फोटो काढला, तो उजेडात धरला आणि विडी बंद म्हणून सांगितलं. मालक बाहेर आले आणि दवाखान्याच्या फाटकातच त्यांनी विडी पेटवली. का, तर डॉक्टरने घाबरवलं होतं म्हणून! काकू मोटरसायकलवर मागे बसल्या त्या घर येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मालक समोर उभे असताना त्या मला म्हणाल्या, "पोरी, ह्यांना सांग. हे व्यसन सुटंल त्या दिवशी मी ह्यांच्याशी बोलंन. तवर माझं तोंड बंद."

मला वाटलं, दोन दिवसांचा रुसवा असेल. कसला रुसवा, बाई पक्की होती. सकाळी गोठ्यात जाऊन गाईला सांगायची, "कपिले, तुझ्या मालकाला सांग, पाणी तापलंय." कपिला रवंथ करत उभी. पलीकडून मालक म्हणायचे, "कपिले, तिला सांग, आलोच." सगळा संसार त्या गाईच्या मार्फत चालायचा. एकदा कपिलेला गुरांच्या दवाखान्यात नेलं होतं, तर दोघांचं दळणवळणच तुटलं. मालकांचा मला कॉलेजात फोन. "मॅडम, तास संपला की तडक या. भाकरी कुठं ठिवलीय ते इचारायचंय."

मला हे सगळं लई गमतीचं वाटायचं आणि मी ते कॉलेजात रंगवून सांगायचे. एक दिवस काकूंबरोबर मेथी निवडत बसले असताना मी म्हटलं, "काकू, सोडा आता, बोला ना." काकूंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "माझा बा असाच खोकत गेला, पोरी. मी उशाला बसून त्याचा खोकला ऐकायचे. थांबला तर भ्या वाटायचं, चालू असला तरी भ्या वाटायचं. आता पुन्ना तसं बसायची माझ्यात ताकद न्हाई."

मालकांना हे कळत नव्हतं असं नाही. फार कळत होतं. पण चाळीस वर्षांची सोबत कानावरून उतरत नव्हती. तेवढ्यात ओतूरचा त्यांचा भाचा दुबईहून सुट्टीवर आला आणि मामासाठी वाफेचं पेन घेऊन आला. त्या काळात ते सगळीकडे मिळायचं, बंदी नव्हती. बाटलीतला गोडसर रस पेनात भरायचा, बटण दाबायचं आणि ओढायचं. विडीतली तलफेची चीज, निकोटीन, त्या रसातही असते. फक्त ती कमी-कमी करत नेता येते, असं भाच्याने समजावलं. मालकांनी पहिला झुरका घेतला, खोलीभर ढग सोडला आणि म्हणाले, "बरं हाय. पण निस्तं हाय."

झालं. दुसऱ्या दिवसापासून पॅकिंगच्या शेडमध्ये मालकांचा कारखाना सुरू झाला. ग्लिसरिनच्या बाटल्या, पिचकाऱ्या, काचेच्या बरण्या. वेलदोडा झाला, कैरी झाली, बडीशेप झाली. गुलकंदाची वाफ त्यांनी भजनी मंडळाला दाखवली आणि मृदंगवाल्याने त्या दिवशी ठेका चुकवला. आणि मग त्यांच्या मनात आलं की आपल्या भागाचं नाव ज्या मासवडीने काढलं तिची वाफ का असू नये? तीळ, खोबरं, लसूण, गरम मसाला, सगळं सारण त्यांनी आठवडाभर मुरत ठेवलं, गाळलं आणि ओढलं. डोळे पांढरे झाले. जरा वेळाने बोलता येऊ लागलं तेव्हा म्हणाले, "चव बरोबर हाय मॅडम. फकस्त पोटाऐवजी मेंदूत गेली." हे वाचून कुणी असले प्रयोग करू नका. मी तेव्हाही ओरडले होते की फुफ्फुस म्हणजे कढई नव्हे, पण माझं ऐकतो कोण?

काकूंच्या लेखी ह्या सगळ्याची किंमत शून्य. मालक ढग सोडून गाईला म्हणायचे, "कपिले, तिला सांग, धूर न्हाई, वाफ हाय. इडलीची असती तशी." काकू तिकडून म्हणायच्या, "कपिले, त्यांना सांग, इडलीची वाफ कुणी छातीत भरत न्हाई. तलफ हाय तवर व्यसन हाय." आणि मला न्यायाधीश करायचे दोघं. मी आपली काकूंच्या बाजूने, कारण जेवायला त्या वाढत होत्या.

पण मालकांनी मनाशी एक ठरवलं होतं. छाटणीच्या आधी वेलीचं पाणी हळूहळू तोडतात, तिला ताण देतात. एकदम तोडलं तर वेल वाळते, हळूहळू तोडलं तर ती सोसते आणि पुढे जोमाने फुटते. "तसाच मला ताण द्यायचा," मालक म्हणाले. "दर आठवड्याला निकोटीन थोडं कमी. पार संपेपर्यंत." विचार उत्तम होता. पण ह्या बाटलीतलं इतकं, त्यात ते इतकं, मग जोर किती उरला, हा हिशेब कागदावर त्यांना जमेना. एका आठवड्यात जोर कमी व्हायच्या ऐवजी वाढला आणि मालक बागेत तरण्या बैलासारखे हिंडले.

मी म्हटलं, "आकडे द्या, मी काढून देते."

"न्हाई," मालक म्हणाले. "व्यसन माझं, हिशेब मीच करणार. तुमी पोरांना ते मशीनला हुकूम द्यायचं शिकवता ना? मला शिकवा."

मी त्यांना पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकवायला घेतली. ह्या नावाचा अर्थ अजगर, हे मी त्यांना सहज सांगून बसले. दुसऱ्या दिवशी मालक पारावर सांगत होते, "मी सध्या अजगर शिकतोय," आणि तिकडे उसातून हिंडणाऱ्या बिबट्यांच्या भीतीने आधीच अर्धमेले झालेले दोन म्हातारे उठून घरी गेले.

माझा जुना लॅपटॉप शेडमध्ये क्रेटवर ठेवायचा आणि मालक समोर मांडी घालून बसायचे. टोपी काढून बाजूला ठेवायचे, कारण पाहुण्यासमोर बसल्यावर डोकं उघडं कसं ठेवायचं ह्यावर त्यांनी विचार केला होता आणि हा पाहुणा वयाने लहान आहे असं ठरवलं होतं. लॅपटॉपला ते "पावणं" म्हणायचे. विडीने पिवळ्या झालेल्या एका बोटाने एकेक कळ दाबायचे. चूक झाली आणि पडद्यावर लाल अक्षरं आली की समजुतीने घ्यायचे. "पावणं, आसं चिडू नका राव. काय खटकलं ते तर बोला." ह्या भाषेत ओळी एकाखाली एक सरळ लागतात, जरा आत-बाहेर झाली की मशीन काम करत नाही. माझी कॉलेजची पोरं ह्यावरून रडायची. मालकांना मात्र तीच गोष्ट सगळ्यात आवडली. "द्राक्षाच्या वळीबी सरळच लागत्यात. शिस्तीचा गडी दिसतोय."

नावं ठेवायची वेळ आली. मी सांगितलं, एकेक आकडा एकेका डब्यात ठेवायचा आणि डब्याला नाव द्यायचं. मालकांनी पहिल्या डब्याला नाव दिलं "पाणी", दुसऱ्याला "वास". निकोटीनच्या डब्यापाशी थांबले, हसले आणि टाइप केलं "मेव्हणा".

काकूंचा भाऊ पारगावला साखर कारखान्यात होता. गळीत हंगाम संपला की तो बहिणीकडे यायचा आणि आज जातो, उद्या जातो करत महिनाभर राहायचा. "ह्याला एकदम जा म्हणता येत न्हाई," मालक म्हणाले. "हळूहळू कमी करायला लागतो. आधी मटण बंद, मंग अंडी, मंग चहात साखर कमी. तवा कुठं पिशवी भरतो." इतकं चपखल नाव मला माझ्या सगळ्या नोकरीत कुणी ठेवलेलं आठवत नाही. काकूंना ते कळलं तेव्हा कपिलेला बरंच काही ऐकावं लागलं.

मग तो टाकीचा प्रकार झाला. मी सुट्टीला घरी गेले होते. परत आले, आळेफाट्याला उतरले, रिक्षाने बागेच्या वळणापर्यंत आले तर रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडं लगीन हाय का? केवड्याचा वास सुटलाय." मी पळतच सुटले. शेडपाशी आले तर निळी टाकी काठोकाठ भरलेली आणि शेजारी मालक कृतार्थ चेहऱ्याने उभे.

झालं असं होतं, की मी नसताना मालकांनी स्वतःच्या हिमतीने अख्खा प्रोग्राम लिहून काढला. पहिली ओळ, पाणी बरोबर दोनशे. त्यांच्या जगात पाणी दुसरं काही असूच शकत नव्हतं. बाटलीभर रसाचा प्रोग्राम दोनशे लिटरचा हिशेब देऊन मोकळा झाला; इतके कॅन ग्लिसरिन, इतका केवडा. "तुम्हाला शंका नाही आली?" मी ओरडले. "कसली शंका? टाकीला जेवढं लागतं तेवढंच सांगितलं की त्यानं," मालक म्हणाले. "पावण्याचा शब्द मोडायचा का?" नशीब एवढंच की इतका मेव्हणा कुठेच मिळाला नव्हता, त्यामुळे टाकीत नुसताच वासाचा पाक होता.

फेकायला मन होईना. शेवटी पाणी मिसळून बांधावरच्या शेवरीच्या झाडांवर फवारून टाकू असं मालकांनी ठरवलं, आणि नेमका वारा फिरला. अख्ख्या बागेवर केवडा पडला. मालकांवर सगळ्यात जास्त पडला. तासाभरात मुंग्या आल्या, मग मधमाश्या आल्या, मग गाव बघायला आलं. मालक पाकाने निथळत बागेच्या मधोमध हात पसरून उभे आणि भोवती माश्यांचा गजर. "कुणी हालू नका," ते ओरडत होते, "त्या मला फूल समजत्यात!"

काकू दारात आल्या. त्यांनी टाकी पाहिली, बाग पाहिली, नवरा पाहिला. त्यांचं तोंड उघडलं. शब्द पार दातांपर्यंत आला होता, मी डोळ्यांनी पाहिला. त्यांनी तो गिळला, गोठ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "कपिले, तुझ्या मालकाला सांग..." पुढे त्यांना बोलवेना. पदर तोंडात कोंबून त्या आत पळाल्या. बाहेरून नुसते खांदे हलताना दिसत होते.

मालक माश्यांमधून कुजबुजले, "मॅडम, हसली का ती? खरं सांगा. हसली ना?"

मी हो म्हटलं. त्या दिवशी त्यांना दोन-चार डंख बसले, त्यांचा त्यांनी उल्लेखही केला नाही.

त्यानंतर गाडी रुळावर आली. टाकीची चूक सुधारली आणि दर रविवारी मालक प्रोग्रामला मेव्हण्याचा नवा आकडा सांगू लागले. प्रोग्राम त्या आकड्याने भाग देऊन रस किती पातळ करायचा ते सांगायचा. आकडा उतरत होता. खोकला कमी झाला होता, सकाळी मला खोकल्याऐवजी कोंबड्यामुळे जाग येऊ लागली. कानावरची विडी गेली. काकू मात्र गप्पच. मेव्हणा अजून घरात होता.

आणि एक दिवस टीव्हीवर बातमी आली, कायदा झाला. असली पेनं विकायची नाहीत, आणायची नाहीत, बाळगायची नाहीत. भाच्याचा लगेच फोन आला, "मामा, घाबरू नका, बागेत कोण बघायला येतंय?" मालक म्हणाले, "मी हाय की बघायला. तंटामुक्तीचा अध्यक्ष हाय मी." त्यांनी ते पेन अंगणातल्या फरशीवर ठेवलं आणि त्यावरून ट्रॅक्टर घातला. मग खात्री म्हणून रिव्हर्स घातला.

पण ताण पुरा झाला नव्हता. आठवड्यांचं काम एका दिवसावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी मालक सकाळपासून बागेच्या ओळींतून येरझाऱ्या घालत होते. तोंडात सारखी बडीशेप. दुकान रस्त्यावरच होतं आणि दुकानात विड्यांचे कट्टे टांगलेले होते, ते त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि दारात तांदूळ निवडत बसलेल्या काकूंनाही माहीत होतं. काकूंचे हात तांदळात होते, डोळे रस्त्यावर होते. त्या दिवशी मी कॉलेजला दांडी मारली. मला ते घर सोडून जाववेना.

दुपारी मालक एकदम शेडमध्ये आले आणि लॅपटॉपसमोर बसले. "मॅडम, पावण्याला सांगायला पायजे," ते म्हणाले आणि त्या पिवळ्या बोटाने त्यांनी टाइप केलं, मेव्हणा बरोबर शून्य. मग प्रोग्राम चालवायची कळ दाबली.

पडदाभर लाल अक्षरं आली.

मला हसूच फुटलं. शून्याने भागायला गेलं की कॉम्प्युटर हात टेकतो, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना दरसाल सांगते. मालकांनी कधी शून्य घातलंच नव्हतं, म्हणून इतके दिवस ते कळलं नव्हतं. "अहो, काही बिघडलं नाही," मी म्हटलं, "शून्याने भागता येत नाही, एवढंच."

मालक हसले नाहीत.

"हसू नका मॅडम. येवढे दिवस ह्यो मला सांगत व्हता. ह्या आठवड्याला येवढं, पुढच्याला येवढं. मी त्याचं ऐकत आलो. आता शून्यावर आलो अन् ह्योबी गप झाला. घरात ती गप, हितं ह्यो गप." त्यांचा हात नकळत कानाकडे गेला आणि तिथे काही नाही म्हणून खाली आला. "मला आता रस्त्याच्या दुकानाकडं जावंसं वाटतंय. लई वाटतंय. पुढं काय करायचं ते मला कुणी सांगणार हाय का न्हाई?"

"मी सांगते."

शेडच्या दारात काकू उभ्या होत्या. मी सवयीने गोठ्याकडे बघितलं. कपिला तिकडे लांब शेताच्या कडेला चरत होती.

"आधी त्वांड धुवा," काकू म्हणाल्या. "मग हिरीवर जाऊन मोटर चालू करा, लाईट आलीय. आल्यावर दोन घास खा, सकाळपास्नं बडीशेपवर हायसा. मग माझ्यासंगं तांदूळ निवडायला बसा, हात मोकळं ऱ्हायलं की खिशात जात्यात. संध्याकाळी आपण दोघं माळाकडं फिरून येऊ. दुकानाच्या रस्त्यानं न्हाई, वरच्या रस्त्यानं. उद्या काय करायचं ते उद्या सांगंन. उठा."

मालक उठले. टोपी घ्यायची विसरले. विहिरीच्या वाटेला लागले, आणि आम्ही दोघी दारात उभ्या राहून बघत असताना अर्ध्या वाटेवरून परत फिरले.

"काय झालं? मोटर केली का चालू?" काकूंनी विचारलं.

"न्हाई," मालक म्हणाले. त्यांचं तोंड धुवायची आता गरज उरली नव्हती, ते ओलंच होतं. "काय-काय म्हणालीस ते सगळं विसारलो. पुन्ना एकदा सांग."

काकूंनी पदर खोचला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं.